‘प्रॉब्लेम’ हा शब्द आला कुठून? आधी कोडं होतं, मग अडचण झाली!

गॅस संपला, प्रॉब्लेम. नेट गेलं, प्रॉब्लेम. घर पुण्यात असो, इंदूरला किंवा बडोद्याला, मराठी माणसाच्या तोंडी ‘अडचण’ यायच्या आधी हा शब्द येतो. आजीसुद्धा ‘गुडघ्याचा प्रॉब्लेम’ म्हणते आणि आपण इंग्रजी बोललो असं तिला वाटतही नाही. पण इतका हक्काचा झालेला हा शब्द मुळात रडगाण्याचा नव्हताच, हे तुम्हाला माहीत आहे का?

शब्द आहे ग्रीक. ‘प्रो’ म्हणजे पुढे आणि ‘बालेइन’ म्हणजे टाकणं, फेकणं. त्यावरून झाला ‘प्रॉब्लेमा’, म्हणजे पुढे टाकलेली गोष्ट. ग्रीक लोक समुद्रात पुढे घुसलेल्या भूशिराला प्रॉब्लेमा म्हणत, वाटेतल्या अडथळ्याला म्हणत आणि गंमत म्हणजे स्वतःपुढे धरलेल्या ढालीलाही म्हणत! चर्चेसाठी सगळ्यांसमोर मांडलेला प्रश्न, हाही एक अर्थ होताच. लॅटिन आणि फ्रेंचमधून फिरत फिरत हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत पोहोचला तो याच अर्थाने. प्रॉब्लेम म्हणजे अवघड प्रश्न, कोडं.

याचं एक मजेशीर उदाहरण बायबलमध्ये आहे. सॅमसन नावाचा बलदंड वीर स्वतःच्या लग्नाच्या मेजवानीत 30 तरुणांना कोडं घालतो. मेलेल्या सिंहाच्या शरीरात मधमाश्यांनी केलेला मध त्याने खाल्लेला असतो, त्यावरचं ते कोडं. मुदत सात दिवस आणि पैज कपड्यांची. लॅटिन बायबलमध्ये या कोड्यासाठी शब्द वापरलाय ‘प्रॉब्लेमा’. आपल्याकडे लग्नात उखाणे घेतात, आणि ‘उखाणा’ या शब्दाचाही जुना अर्थ कोडं असाच आहे. म्हणजे सॅमसनने लग्नात उखाणाच घातला म्हणायचा, फक्त बायकोचं नाव न घेता.

गणिताने हा जुना अर्थ अजून सांभाळलाय. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी 1900 साली पॅरिसच्या परिषदेत येत्या शतकासाठी न सुटलेले प्रश्न मांडले. नंतर छापलेल्या यादीत ते 23 होते. ते ‘हिल्बर्ट्स प्रॉब्लेम्स’ म्हणून ओळखले जातात, पण त्यात तक्रार कुठेच नाही, उलट आमंत्रण आहे. मुलांच्या वहीतही तेच. मराठी माध्यमात ‘उदाहरण सोडवा’ म्हणतात, इंग्रजी माध्यमात ‘सॉल्व्ह द प्रॉब्लेम’. त्रास, कटकट, दुखणं हे अर्थ या शब्दाला बरेच नंतर चिकटले.

आता आपल्या ‘समस्या’कडे बघू. हा शब्द संस्कृतातला. ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘अस्’ या धातूचा अर्थ चक्क फेकणं, टाकणं! व्याकरणातला ‘समास’ही याच कुटुंबातला. जुन्या काळी राजदरबारात श्लोकाची एखादी ओळ कवींपुढे टाकली जायची आणि उरलेला श्लोक त्यांनी रचायचा. दिलेली ओळ ती समस्या, आणि श्लोक पुरा करणं म्हणजे समस्यापूर्ती. ‘भोजप्रबंध’ या संस्कृत ग्रंथात भोजराजा समस्या देतो आणि कालिदास ती पुरी करतो, असे किस्से आहेत. म्हणजे ग्रीक असो की संस्कृत, दोन्हीकडे कोणीतरी काहीतरी पुढे टाकतं आणि दुसऱ्याने ते उचलायचं असतं.

ऑफिसात हल्ली प्रॉब्लेम म्हणायची सोय नाही, ‘चॅलेंज’ म्हणायचं. त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘खोटा आरोप’ अशा अर्थाच्या शब्दात आहे, हे मॅनेजरला न सांगितलेलंच बरं.

मला मात्र खटकतो तो या शब्दाचा घरातला एक वापर. ‘तिला प्रॉब्लेम आलाय.’ कितीतरी मराठी घरांत याचा अर्थ एकच असतो, मासिक पाळी. आधीच्या पिढीत ‘अडचण आहे’ म्हणायचे, नाहीतर ‘कावळा शिवला’. नव्या पिढीने इंग्रजी शब्द घेतला आणि आपण सुधारलो असं मानलं. पण बारा वर्षांच्या मुलीच्या कानावर पहिल्यांदा काय पडतं? आपल्या शरीरात काहीतरी बिघडलंय, आणि ते हळू आवाजात सांगायचं असतं. पाळी लांबली, खूप दुखलं, रक्तस्राव जास्त झाला, तर तो खरा प्रॉब्लेम. पण तो ती सांगणार कोणत्या शब्दात? नेहमीच्या, ठरल्या वेळी येणाऱ्या पाळीलाच आपण प्रॉब्लेम म्हणून बसलोय. ‘पाळी’ हा शब्द खरं तर किती सरळ आहे. क्रमाने येते ती पाळी, बस.

आमच्या घरी धाकट्या बहिणीने हा शब्द बाबांसमोर पहिल्यांदा उच्चारला तेव्हा आईने डोळे मोठे केले होते. हल्ली मेडिकलमधून पॅड बाबाच आणतात. दुकानदार सवयीने काळी पिशवी पुढे करतो आणि बाबा म्हणतात, ‘राहू द्या, नो प्रॉब्लेम.’