आरोग्य योजनेचे कार्ड असूनही पैसे का भरावे लागतात?

गेल्या वर्षी ऊसतोड सुरू झाली त्या सुमारास रात्री साडेनऊ वाजता तळेगाव ढमढेरेजवळच्या एका ठाकर वस्तीवरून फोन आला. "ताई, दाजी उसाच्या ट्रॉलीवरनं पडल्यात. पाय हलंना." १०८ ची गाडी आली, सरकारी दवाखान्यात पायाला आधार बांधून दिला आणि पुढे न्यायला सांगितले. घाबरलेल्या नातेवाइकांनी रस्त्यात लागलेले पहिले मोठे खाजगी रुग्णालय गाठले. दारावर सरकारी योजनेचा फलक होता. घरात पिवळे रेशनकार्डही होते. आम्हा सगळ्यांना वाटले, आता काळजी नाही.

काउंटरवर कळले की रेशनकार्डावर नाव 'बाळू' आहे आणि आधार कार्डावर 'बाळासाहेब'. आरोग्यमित्र घरी गेलेले. "सकाळी बघू, आता पंचवीस हजार भरा," असे उत्तर मिळाले. मांडीचे हाड मोडलेले, माणूस कण्हत होता. बायकोने एका कागदावर अंगठा दिला. तो कागद 'आम्ही पैसे भरून उपचार घेत आहोत' असा होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी समजले.

बिल पंच्याऐंशी हजारांवर गेले. दोन शेळ्या विकल्या, पायातली जोडवी मोडली आणि पन्नास हजारांची उचल मुकादमाकडून घेतली. ती फेडायला नवऱ्याच्या जागी बायको आणि नववीतला मुलगा तोडीला गेले. मुलाची शाळा तिथेच थांबली. पैसे परत मिळतील का, म्हणून मी नंतर चौकशी केली. ही योजना रोख रक्कम परत देणारी नाही. एकदा खिशातून पैसे भरले की विषय संपतो.

त्या रात्री मलाही पुरेशी माहिती नव्हती, हे कबूल केले पाहिजे. माहिती असती तर मी काउंटरवर दोन गोष्टी बोलू शकले असते. म्हणून हा लेख. वस्तीवर जाणाऱ्या, घरकामाच्या बाईला किंवा शेतावरच्या मजुराला मदत करणाऱ्या आपल्या प्रत्येक सभासदाने तो वाचावा, ही विनंती.

योजना नेमकी काय आहे?

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती आपल्या पुणे जिल्ह्यासह सर्व राज्यात आली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून राज्यात दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या.

सुरुवातीला राज्याच्या योजनेत कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंतचे संरक्षण होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाख झाले आणि पिवळ्या व केशरी कार्डाबरोबर पांढरे कार्डही पात्र ठरले. प्रत्यक्ष अंमल जुलै २०२४ पासून सुरू झाला. म्हणजे आज कागदावर पाहिले तर राज्यातले जवळपास प्रत्येक कुटुंब या छत्राखाली आहे. रेशनकार्ड नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालते. शासकीय आश्रमशाळेतली मुले, अनाथालये आणि वृद्धाश्रमातले लोक यांच्यासाठीही वेगळी तरतूद आहे.

ही चांगली योजना आहे. तिच्यामुळे हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार मिळालेली माणसे मी पाहिली आहेत. मग आमच्या वस्तीवरचा माणूस उचल घेऊन बिल का भरतो? कारण कार्ड आणि खाट यांच्यामध्ये चार दारे आहेत आणि चारही एकाच वेळी उघडावी लागतात.

पहिले दार : नाव

रेशनकार्ड ऑनलाइन नोंदलेले असावे लागते, त्यात रुग्णाचे नाव असावे लागते आणि ते आधारशी जुळावे लागते. आपल्याकडच्या ठाकर, भिल्ल आणि पारधी वस्त्यांवर नेमके हेच अवघड जाते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डात राहते. मुलांचे जन्म झोपडीत झालेले, त्यामुळे दाखला नाही. वय आधार काढणाऱ्याने अंदाजाने लिहिलेले. ७० वर्षांवरील सर्वांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड मिळू लागले, पण त्यात वय आधारवरचे धरतात. आमच्या वस्तीवरची एक आजी डोळ्यांना दिसते पंच्याहत्तरीची, आधारवर मात्र एकसष्टची आहे.

फासेपारध्यांची गोष्ट आणखी जुनी आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले गेले, त्यांत पारधीही आले. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण एका गावात ठरून राहण्याची आणि त्या गावचे म्हणून कागद मिळण्याची अडचण पुढच्या पिढ्यांनाही पुरली.

मोबाईल क्रमांकाचाही घोळ असतो. शिबिरात कार्ड काढताना घरात फोन नसतो, म्हणून कुणाचा तरी क्रमांक टाकला जातो. पुढे संदेश येतो तो त्या माणसाला. हे फक्त आपल्याकडचे नाही. २०२३ च्या अहवालात देशाच्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की आयुष्मान योजनेत ९९९९९९९९९९ या एकाच क्रमांकावर ७,४९,८२० लाभार्थी नोंदवलेले होते.

दुसरे दार : रुग्णालय

योजना सगळ्या रुग्णालयांत चालत नाही, फक्त करार झालेल्या रुग्णालयांत चालते. तिथेही सगळे विभाग योजनेत असतीलच असे नाही. हाडांचा विभाग असेल, मेंदूचा नसेल. म्हणून फलक पाहून आत जाण्यापेक्षा आधी फोन करून 'हा आजार तुमच्याकडे योजनेत होतो का' हे विचारावे. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा आरोग्यमित्र असतो. डॉक्टरांच्याही आधी त्याला भेटावे.

रुग्णालयांची बाजूही समजून घ्यायला हवी. ठरवून दिलेले दर कमी आहेत आणि पैसे उशिरा मिळतात, अशी त्यांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे काही ठिकाणी योजनेचा रुग्ण आला की 'खाट शिल्लक नाही' असे ऐकायला मिळते. कारण खरे असले, तरी त्याची किंमत रुग्णाने मोजणे योग्य नाही.

तिसरे दार : आजार

पाच लाख म्हटल्यावर लोकांना वाटते की कोणताही आजार, कोणतेही औषध फुकट. तसे नाही. २०२३ च्या निर्णयात १,३५६ उपचारांची यादी होती आणि ही यादी वेळोवेळी बदलते. यादीतला उपचार असेल आणि रुग्ण दाखल झाला असेल, तरच योजना लागू होते. मग तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधे, जेवण आणि परतीचा प्रवास त्यात येतो.

पण वस्तीवरचा रोजचा खर्च वेगळाच असतो. मधुमेहाच्या गोळ्या, फिटचे औषध, लहान मुलाचा ताप, सलाईन. दाखल न होता घेतलेल्या या उपचारांना योजना नाही. गरीब घराचा पैसा थोडा थोडा करून इथेच झिरपतो. त्यावर उपाय म्हणजे आपले प्राथमिक आरोग्य केंद्र. रक्तदाब आणि मधुमेहाची नेहमीची औषधे तिथे मोफत मिळतात.

चौथे दार : मंजुरी

रुग्णालय कागद आणि तपासण्या ऑनलाइन पाठवते आणि मंजुरी आल्यावर शस्त्रक्रिया होते. यात वेळ जातो आणि त्या वेळेत घाबरलेला माणूस पैसे भरतो. मला त्या रात्री माहीत नसलेली पहिली गोष्ट इथली आहे: तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर देता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे मदत क्रमांक १५५३८८ आणि १८००-२३३-२२००. काउंटरवर उभे राहूनच तिथे फोन लावायचा आणि तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यायचा.

कंपनीत कामाला जाणाऱ्या मुलांचे काय?

सणसवाडी, कोरेगाव भीमा, रांजणगाव इथल्या कारखान्यांत आता वस्तीवरची मुलेही ठेकेदारामार्फत जातात. ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे, त्यांना राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. या विम्यात दाखल न होताही औषधे मिळतात, घरच्यांनाही लाभ मिळतो आणि आजारपणात ठरावीक दिवस पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते. ही रक्कम मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते.

अडचण अशी की अनेक मुलांना आपला विमा क्रमांकच माहीत नसतो. ठेकेदार बदलला की नवा क्रमांक काढला जातो आणि जुनी वर्गणी तुटते. खरे तर हा क्रमांक जन्मभर एकच राहायला हवा. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसत असेल तर क्रमांक मागून घ्यावा, वर्गणी जमा होते का ते पाहावे आणि घरच्यांची नावे त्यात घालून घ्यावीत. मागणे हा हक्क आहे, उपकार नव्हे.

कार्ड चाललेच नाही तर

१. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वांना मोफत उपचार आहेत. त्यात आपले प्राथमिक आरोग्य केंद्र, शिरूर आणि न्हावरे इथली ग्रामीण रुग्णालये आणि औंधचे जिल्हा रुग्णालय येते. ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे, त्यामुळे तिथले नियम वेगळे.

२. धर्मादाय न्यासाच्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवून दिलेली ही योजना आहे. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला किंवा पिवळे कार्ड सोबत न्यावे आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे.

३. पैसे मागितले तर पावतीशिवाय देऊ नयेत आणि न वाचता सही किंवा अंगठा देऊ नये. जिल्हा समन्वयकाकडे लेखी तक्रार करता येते.

तक्रार करायला आपली माणसे कचरतात. 'डॉक्टर चिडले तर?' अशी भीती असते. मंडळींतही काहींना तक्रार करणे शोभत नाही असे वाटते. त्यांना मी पंडिता रमाबाईंची आठवण करून देते. शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या रमाबाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांची होणारी आबाळ वृत्तपत्रात पत्र लिहून जाहीर केली. दुबळ्या माणसासाठी तक्रार करणे हीदेखील सेवा आहे.

आपण काय करू शकतो?

आपल्या भागातल्या आदिवासी कुटुंबाला रेशनकार्डासाठी शिरूरला, आदिवासी प्रकल्प कार्यालयासाठी घोडेगावला आणि मोठ्या उपचारासाठी पुण्याला जावे लागते. तीन दिशा आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून निरोगी असताना कागद करायचे राहतात आणि आजार आला की ते करायला वेळ नसतो.

त्या घटनेनंतर आम्ही वस्तीवर एक साधे काम सुरू केले. प्रत्येक घरात खुंटीला एक प्लास्टिकची पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, सर्वांची आधार कार्डे, आयुष्मान कार्ड, ईएसआय क्रमांक, जुने रिपोर्ट आणि एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत १०८ आणि १५५३८८. पिशवी भरताना कुठे नाव जुळत नाही ते लगेच कळते. तेवढी दुरुस्ती करून घ्यायची. बाळूचे आणि बाळासाहेबांचे नाव जुळवायला आम्हाला शिरूरच्या दोन खेपा आणि थोडे झेरॉक्सचे पैसे लागले. तेच काम अपघाताच्या आधी झाले असते तर त्या घरावर पन्नास हजारांची उचल आली नसती.

या कामाला पैशांपेक्षा माणसे जास्त लागतात. ज्यांच्याकडे दुचाकी आणि स्मार्टफोन आहे, ज्यांना अर्ज भरता येतो, अशांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा. तहसील कार्यालयात नोकरी केलेले, दवाखान्यात काम केलेले निवृत्त सभासद तर फारच उपयोगी पडतील. एकाने दोन कुटुंबे घ्यावीत, त्यांची पिशवी पूर्ण होईपर्यंत सोडू नयेत आणि रात्री फोन आला तर रुग्णालयाच्या काउंटरवर त्यांच्या शेजारी उभे राहावे. गर्दीमुळे दार अडले तेव्हा छप्पर उघडून आजारी माणसाला खाली सोडणारे चौघे आपल्याला माहीत आहेत. आपल्या वस्त्यांनाही सध्या अशाच चौघांची गरज आहे.

तो मुलगा या जूनमध्ये पुन्हा नववीत बसला आहे. उचल अजून थोडी शिल्लक आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी प्रार्थना करावी.