कंपनी विकली, पण ग्राहकांचा विश्वास विकता येतो का? ऑपेरा ब्राउझरच्या सौद्यातून शिकण्यासारखं



चालता धंदा विकताना किंवा विकत घेताना आपण काय काय मोजतो? दुकानातला माल, मशिनरी, फर्निचर, डिपॉझिट, येणी-देणी आणि वर थोडंफार गुडविल. आकडा ठरतो, सह्या होतात, पेढे वाटले जातात. पण ज्यांच्या जिवावर धंदा उभा आहे त्या ग्राहकांना या व्यवहारात कुणी विचारत नाही. ते मात्र आपला निर्णय घेतातच.

हे समजून घ्यायला आज एक खरी केस बघूया. नॉर्वेची ऑपेरा ही ब्राउझर बनवणारी कंपनी आणि २०१६ मध्ये चिनी गुंतवणूकदारांनी केलेली तिची खरेदी. केस परदेशातली आहे, मोठी आहे, पण त्यातला धडा तुमच्या टिफिन सर्व्हिसला आणि मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानालाही तेवढाच लागू पडतो.

ऑपेरा म्हणजे नक्की काय होतं?

ऑपेरा सॉफ्टवेअर ही कंपनी १९९५ मध्ये ओस्लो शहरात सुरू झाली. योन फॉन टेट्झनर आणि गेइर इवार्सोय हे तिचे दोन संस्थापक. नॉर्वेच्या टेलेनॉर या टेलिफोन कंपनीत सुरू झालेल्या एका संशोधन प्रकल्पातून हा ब्राउझर जन्माला आला. सुरुवातीला लोक तो पैसे देऊन विकत घ्यायचे, नाहीतर जाहिरातीची पट्टी सहन करून फुकट वापरायचे. सप्टेंबर २००५ मध्ये तो पूर्ण मोफत झाला.

आपल्याकडे ऑपेरा घराघरांत पोचला तो ऑपेरा मिनीमुळे. बटणांचा साधा फोन, टू-जी नेट आणि स्क्रीनवर तो लाल 'ओ', आठवतंय ना? ऑपेरा मिनीची युक्ती साधी होती. तुम्ही एखादी साईट उघडली की ती आधी ऑपेराच्या सर्व्हरवर यायची, तिथे आकाराने लहान व्हायची आणि मग तुमच्या फोनवर पोचायची. डेटा वाचायचा, पैसे वाचायचे.

आता यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही काय बघताय ते कंपनीच्या सर्व्हरमधून जात होतं. ग्राहक ऑपेराला एक रुपयाही देत नव्हता, कंपनीची मोठी कमाई सर्च इंजिनांबरोबरच्या करारांतून आणि जाहिरातींतून यायची. ग्राहक देत होता तो विश्वास. मग तो विश्वास ज्याच्यावर टाकला तो मालकच बदलला तर?

सौदा कसा झाला?

कंपनी ओस्लोच्या शेअर बाजारात नोंदलेली होती. अपेक्षेएवढी कमाई होईना, तेव्हा ऑगस्ट २०१५ मध्ये तिने विक्रीसह वेगवेगळे पर्याय तपासायला घेतले. फेब्रुवारी २०१६ मध्ये चिनी कंपन्यांच्या एका गटाने सुमारे १.२ अब्ज डॉलरची ऑफर दिली. या गटात गोल्डन ब्रिक कॅपिटल, कुनलुन आणि चिहू ३६० ही नावं होती.

संपूर्ण कंपनीच्या या सौद्याला लागणाऱ्या सरकारी मंजुऱ्या वेळेत मिळाल्या नाहीत. मग जुलै २०१६ मध्ये नवा सौदा ठरला. फक्त ब्राउझरचा आणि त्याच्या जवळचा व्यवसाय सुमारे ६० कोटी डॉलरला विकायचा, मोबाईल जाहिरातींचा आणि टीव्हीचा व्यवसाय जुन्या कंपनीकडे ठेवायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये हा व्यवहार ५७.५ कोटी डॉलरला पूर्ण झाला. 'ऑपेरा' हे नावसुद्धा ब्राउझरबरोबर गेलं. जुन्या कंपनीला पुढे स्वतःचं नाव बदलून 'ओटेलो' ठेवावं लागलं. म्हणजे बघा, कोड, कर्मचारी, करार, ब्रँड, सगळ्याची किंमत ठरली आणि सगळं हस्तांतरित झालं. फक्त एक गोष्ट त्या यादीत लिहिता येत नव्हती.

ग्राहक का अस्वस्थ झाले?

बातमी आल्यावर जुन्या वापरकर्त्यांत खळबळ उडाली. कुणी पासवर्ड बदलले, कुणी सिंक बंद केलं, कुणी दुसरा ब्राउझर शोधायला लागलं. "अमेरिकन कंपन्या माहिती गोळा करत नाहीत का, मग चीनचंच एवढं काय?" असं म्हणणारेही होते. वरवर पाहिलं तर हा "चिनी मालक नको" एवढाच राग वाटतो. पण खोलात गेलं तर तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण, नव्या मालकाची पत. खरेदीदारांपैकी चिहू ३६० ही अँटिव्हायरस बनवणारी मोठी कंपनी. २०१५ मध्ये तीन नामवंत तपासणी संस्थांनी तिचे त्या वर्षीचे निकाल रद्द केले होते. तपासणीसाठी दिलेलं सॉफ्टवेअर आणि ग्राहकांना मिळणारं सॉफ्टवेअर यांची सेटिंग वेगळी होती, हे त्याचं कारण. म्हणजे दाखवायचा माल एक आणि विकायचा दुसरा. ज्यांना हे माहीत होतं त्यांची शंका हवेतली नव्हती.

दुसरं कारण, वेळ. सौदा पूर्ण व्हायच्या आधीच, ऑगस्ट २०१६ मध्ये, ऑपेराच्या सिंक सेवेच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं कंपनीने जाहीर केलं. ही सेवा महिन्याला सुमारे १७ लाख लोक वापरत होते. कंपनीने सगळ्यांचे सिंक पासवर्ड रीसेट केले आणि तसं कळवलं. या घटनेचा विक्रीशी संबंध नव्हता. पण मालक बदलत असताना असं काही घडलं की ग्राहकाच्या मनात दोन्ही गोष्टी आपोआप जोडल्या जातात.

तिसरं कारण सगळ्यात मोठं आहे, आणि ते चीनमधलं नाही, ओस्लोमधलंच आहे. विश्वासाला तडा आधीच गेला होता. २०१३ मध्ये कंपनीने स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडलं आणि गूगल क्रोमच्या पायावर नवा ब्राउझर बांधला. खर्चाच्या दृष्टीने या निर्णयाला अर्थ होता. पण नवीन आवृत्ती आली तेव्हा जुन्या लोकांच्या रोजच्या वापरातल्या कितीतरी सोयी गायब होत्या. ब्राउझरमधलं ईमेल गेलं, साधे बुकमार्कसुद्धा सुरुवातीला नव्हते! मार्च २०१४ मध्ये 'माय ऑपेरा' बंद केलं. जगभरचे ऑपेराप्रेमी तिथे जमायचे, लिहायचे, फोटो टाकायचे. आपला कट्टाच कुणी पाडावा तसं त्यांना झालं.

म्हणून २०१६ मधला राग हा एका बातमीचा राग नव्हता. तीन वर्षं साचलेल्या नाराजीला विक्रीच्या बातमीने वाट करून दिली. हा या केसचा गाभा आहे. मालक बदलतो त्या दिवशी ग्राहक विश्वासाचं जुनं पासबुक उघडून बघतो. शिल्लक असेल तर तो थांबतो, नसेल तर उठतो.

मग सगळे निघून गेले का?

नाही. आणि हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. बहुतेक साध्या वापरकर्त्यांना मालक कोण याने फरक पडला नाही. कंपनीचं मुख्य ऑफिस ओस्लोतच राहिलं. जुलै २०१८ मध्ये ऑपेरा लिमिटेड अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात नोंदली गेली, २०१९ मध्ये गेम खेळणाऱ्यांसाठी ऑपेरा जीएक्स आला आणि चालला. म्हणजे आकड्यांत पाहिलं तर धंदा वाढला.

पण जे गेले ते कोण होते? ज्यांनी स्वतःहून दहा जणांना ऑपेरा सुचवला होता ते. त्यांच्यासाठी दुकान उघडलं कुणी? खुद्द जुन्या संस्थापकाने! टेट्झनर २०११ मध्ये ऑपेरामधून बाहेर पडले होते. 'माय ऑपेरा' बंद होणार म्हटल्यावर त्यांनी विवाल्डी नावाने नवा कट्टा सुरू केला, जानेवारी २०१५ मध्ये विवाल्डी ब्राउझरची पहिली चाचणी आवृत्ती आणली आणि एप्रिल २०१६ मध्ये १.० आवृत्ती. म्हणजे सौद्याची चर्चा ऐन रंगात असताना! कंपनीची मालकी कर्मचाऱ्यांकडे आहे, हे ते ठळकपणे सांगतात. नाराज ग्राहकाला नेमकं तेच ऐकायचं होतं.

मालकाच्या पुढच्या धंद्यांचा डागही ब्राउझरवर येतो. जानेवारी २०२० मध्ये हिंडेनबर्ग रिसर्चने केनिया, नायजेरिया आणि भारतातल्या ऑपेराशी संबंधित कर्ज देणाऱ्या ॲप्सवर अवाच्या सवा व्याजाचे आरोप केले. कंपनीने ते फेटाळले. पण २०१६ मध्ये धसका घेतलेल्यांना "बघा, आम्ही म्हणत होतो" म्हणायला निमित्त मिळालं. त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली, त्यात अलीबाबाचा यूसी ब्राउझर होता. ऑपेरा त्या यादीत नव्हता, तरी मालकी हा विषय किती नाजूक असतो ते दिसलं.

आता तुमच्या धंद्याकडे येऊया

समजा तुमची घरगुती मसाल्यांची गाडी चांगली चालली आहे आणि एक मोठा व्यापारी ती विकत घ्यायला तयार आहे. किंवा तुम्हीच एखादा चालता क्लास, चालतं पार्लर घेताय. या पाच गोष्टी लिहून ठेवा.

१. बातमी तुमच्या तोंडून कळू द्या. शेजारच्या दुकानदाराकडून कळली की ती अफवा होते. जुन्या पन्नास ग्राहकांना स्वतः फोन करा. का विकतोय, कुणाला विकतोय, ते सरळ सांगा.

२. ग्राहकांची यादी म्हणजे माल नव्हे. व्हॉट्सॲपवरचे नंबर, पत्ते, वाढदिवस हे लोकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा गाभाच हा आहे की ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरायची. यादी देण्याआधी ग्राहकांना विचारा आणि वकिलाचा सल्ला घ्या.

३. काय बदलणार नाही ते लिहून द्या. चव, भाव, वेळ, परत घेण्याचा नियम. "सहा महिने काहीही बदलणार नाही" एवढं एक वाक्यही मोठं काम करतं, पण मग ते पाळायचं.

४. दोन धक्के एकदम देऊ नका. मालक बदलला त्याच महिन्यात पाकिटाचा रंग, नाव आणि भाव बदलले, तर ग्राहकाला वाटतं की धंदाच बदलला.

५. जुना मालक पुढे काय करणार ते करारात ठरवा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार धंदा करण्यापासून कुणाला अडवणारा करार साधारणपणे चालत नाही. पण गुडविल विकणाऱ्यावर, ठराविक भागापुरती आणि वाजवी असेल तर, तोच धंदा न करण्याची अट घालता येते. घेणाऱ्याने हे विसरू नये, आणि विकणाऱ्याने सही करण्याआधी नीट वाचावं.

आणि घेणाऱ्यांसाठी खास सूचना. फक्त गल्ल्याचा आकडा बघू नका. चार दिवस दुकानाबाहेर उभं राहून जुन्या गिऱ्हाइकांशी बोला. "पूर्वीसारखं राहिलं नाही हो इथे" असं तीन-चार जणांनी म्हटलं, तर समजा की तुम्ही रिकामं पासबुक विकत घेताय. मग एकतर किंमत खाली आणा, नाहीतर विश्वास परत कमवायला वेळ आणि पैसा बाजूला काढून ठेवा.

ऑपेराच्या जुन्या मालकांना किंमत मिळाली, नव्या मालकांना ब्राउझर मिळाला. पण ज्यांनी तो वर्षानुवर्षं लोकांना सुचवला होता त्यांच्यातले बरेच जण विवाल्डीकडे गेले, आणि त्यासाठी कुणी कुणाला एक पैसाही दिला नाही.

तुमच्या भागात एखादं जुनं दुकान नवीन मालकाकडे गेलं तेव्हा काय झालं? गिऱ्हाईक टिकलं की पांगलं? कमेंटमध्ये नक्की लिहा. चालता धंदा घेताना कागदपत्रं कशी तपासायची, ते पुढच्या व्हिडिओत बघूया.