जुन्या डिझेल इंजिनाला कोणते ऑइल?

"गाडी जुनी झाली, आता जरा जाड ऑइल टाका," असा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतो. वीस-पंचवीस वर्षे धावलेली जीप असो, भाजीपाला वाहणारा टेंपो असो की शेतातला ट्रॅक्टर, सल्ला बहुधा हाच असतो. तो बरोबर आहे का? याचे उत्तर शोधायचे तर ऑइलच्या डब्यावरील दोन खुणा वाचता आल्या पाहिजेत. पहिली खूण तेल किती दाट आहे हे सांगते, तर दुसरी ते कोणते काम करू शकते हे सांगते.

प्रथम दाटपणा पाहू. शास्त्रीय भाषेत याला श्यानता म्हणतात. दोन सारख्या लहान बाटल्यांत थोडी जागा रिकामी ठेवून एरंडेल तेल भरा व बुचे घट्ट लावा. एक बाटली गार पाण्यात आणि दुसरी कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवा. मग दोन्ही एकदम उलट्या करा. कोमट तेलातून हवेचा बुडबुडा झटकन वर जाईल, गार तेलातून मात्र रेंगाळत जाईल. तेल तापले की त्याची श्यानता घटते, हे तुम्हांला डोळ्यांनी दिसेल.

इंजिनापुढे हीच अडचण असते. सकाळी गार असताना तेल इतके दाट नको की ते वरच्या भागांपर्यंत पोचायला वेळ लागेल. आणि तापल्यावर इतके पातळ नको की धातूच्या दोन पृष्ठभागांमधला त्याचा पापुद्रा फाटेल. म्हणून तेलात लांबलचक रेणूंचे बहुवारिक पदार्थ मिसळतात. हे रेणू थंडीत गुंडाळी करून असतात आणि उष्णतेने पसरतात. त्यामुळे तापल्यावर तेल फार पातळ होत नाही.

डब्यावर '१५डब्ल्यू-४०' असे लिहिलेले असते ते या दुहेरी गुणामुळे. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ मध्ये तेलांचे श्यानतेनुसार वर्गीकरण सुरू केले. ही त्याचीच सुधारित पद्धत आहे. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक सहज वाहते. नंतरचा ४० हा आकडा तापलेल्या तेलाचा आहे. १०० अंश सेल्सियसला अशा तेलाची श्यानता १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक्स यांच्या दरम्यान असावी लागते. तुलनेसाठी, २० अंशांच्या पाण्याची श्यानता सुमारे १ सेंटीस्टोक असते.

आता दुसरी खूण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्याही वर तापते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हे ज्वलन सर्वत्र सारखे होत नसल्याने काजळी तयार होते व तिचा काही भाग तेलात उतरतो. काजळीचे कण एकत्र आले तर त्यांचा गाळ होऊन तेलाच्या वाटा बुजतात. म्हणून डिझेलसाठीच्या तेलात हे कण सुटे ठेवणारी द्रव्ये घातलेली असतात. डिझेल इंजिनातले तेल थोड्याच दिवसांत काळे पडते ते यामुळेच. केवळ काळे झाले म्हणून तेल बिघडले असे नव्हे. काजळी अंगावर घेणे हे त्याचे कामच आहे.

दुसरा शत्रू गंधक. डिझेलमधील गंधक जळून वायुरूप ऑक्साइडे बनतात व पाण्याच्या वाफेशी मिळून त्यांचे सल्फ्युरिक अम्ल होते. त्याचे उदासिनीकरण करण्यासाठी तेलात कॅल्शियम, मॅग्नेशियम यांची क्षारकीय संयुगे असतात. ती हळूहळू संपतात. म्हणूनच तेल ठरावीक काळाने बदलावे लागते. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ प्रतीचे डिझेल आले. त्यात गंधक दहा लाख भागांत फक्त १० भागांपर्यंत असते. त्याआधीच्या भारत स्टेज-४ मध्ये ही मर्यादा ५० होती. जुन्या इंजिनांच्या तेलावरचा अम्लाचा भार यामुळे हलका झाला. काजळीचा भार मात्र कायम आहे.

तेलाचे हे सामर्थ्य 'एपीआय' या खुणेने दाखवतात. 'एस'ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी, 'सी'ने सुरू होणारी डिझेलसाठी. सीएफ-४, सीएच-४, सीआय-४, सीके-४ ही चढती भाजणी आहे. जुन्या पुस्तिकेत सीएफ-४ लिहिले असेल तर त्याजागी सीआय-४ खुशाल चालते. मात्र 'एफए-४' हे तेल नव्या विशिष्ट इंजिनांसाठी मुद्दाम पातळ केलेले असते. जुन्या इंजिनात ते घालू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बाहेर नागपूरचा उन्हाळा असो की निफाडची थंडी, चालून तापलेल्या इंजिनातील पाण्याचे तापमान थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास राखतो. त्यामुळे दुसरा आकडा मनाने वाढवण्याचे सहसा कारण नसते. उलट जाड तेल पहाटेच्या गारठ्यात बेअरिंगपर्यंत उशिरा पोचते, आणि ते पोचेपर्यंतच्या काही सेकंदांत झीज होते. शिवाय तेल ढवळण्यात इंधन जास्त खर्ची पडते. गाडी ऑइल खात असेल तर कारण बहुधा झिजलेल्या रिंगा किंवा कडक झालेली व्हॉल्व्हची सिले हे असते. जाड तेलाने धूर काही दिवस कमी दिसेल, पण झिजलेली रिंग भरून येणार नाही. तेव्हा दुरुस्ती करणेच शहाणपणाचे. पुस्तिकेनेच उष्ण हवेसाठी २०डब्ल्यू-५० ची मुभा दिली असेल, तर गोष्ट वेगळी.

थोडक्यात नियम असा: दाटपणा पुस्तिकेप्रमाणे ठेवावा, सामर्थ्य पुस्तिकेइतके किंवा त्याहून वरचे घ्यावे. पुस्तिकेत नुसते 'एसएई ४०' असेल, तर तापल्यावर तितकेच दाट राहणारे १५डब्ल्यू-४० बहुतेक इंजिनांना चालते, आणि थंडीत ते अधिक लवकर वाहते.

घरी वा शेजारी जुनी डिझेल गाडी असेल तर तिची पुस्तिका आणि ऑइलचा डबा शेजारी ठेवून या दोन खुणा जुळवून पाहा. आणि काढलेले काळे ऑइल गटारात किंवा मातीत ओतू देऊ नका. ते विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचू शकते. डब्यात भरून ते जुने ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडेच गेले पाहिजे.