सिकलसेल : सल्ला कोणाचा ऐकावा?

घरात कोणी आजारी पडले की सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. शेजारीण एक सांगते, गावाकडचे मामा दुसरे सांगतात, बाजारात पाल ठोकून बसलेला वैदू तिसरेच सांगतो. आता त्यात मोबाईलची भर पडली आहे. सर्दी-पडशापुरते हे चालून जाते. पण लेकराचे हातपाय वारंवार दुखतात, सांधे सुजतात, डोळे पिवळे दिसतात, अंगात रक्त टिकत नाही, तेव्हा 'बाहेरचे असेल', 'कावीळ उतरवून आणा' असल्या सल्ल्यांत वर्षे वाया जातात. हा सिकलसेल असू शकतो. विदर्भातील आपल्या बौद्ध कुटुंबांत, तसेच आदिवासी व इतर मागास समाजांत या आजाराचे रुग्ण बरेच आहेत.

हा आजार येतो कोठून?

रक्तातील तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. स्पर्शाने किंवा उष्टे खाल्ल्याने हा आजार लागत नाही. तो जन्मतःच आई व वडील दोघांकडून येतो. एकाकडूनच दोष आला तर माणूस 'वाहक' असतो. त्याला सहसा त्रास नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता ४ पैकी १ असते. म्हणून 'सुनेने आजार आणला' असे म्हणणे साफ खोटे आहे.

हे कोणाच्या पापाचे फळही नाही. जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तेथे वाहक मुले त्यातून वाचण्याची शक्यता अधिक असे. म्हणून हा दोष तेथे टिकून राहिला. आफ्रिकेत आणि अरबस्तानातही तो आहे.

खरी माहिती कोठे मिळेल?

आशाताईंना विचारा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात जा. तेथे प्रथम थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी होते. तिच्यात दोष दिसला म्हणून खचून जाऊ नये. आपण वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीनेच कळते. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले असून त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरवलेली आहे.

सल्ला देणाऱ्याची पारख अशी करावी. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक आहे का? रक्त तपासल्याशिवाय तो औषध देतो का? 'महिन्यात मुळासकट बरा करतो' अशी हमी देणाऱ्याकडे पैसे घालवू नका. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने अनेकांच्या वेदना कमी होतात, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावे. रुग्णाला रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही विचारल्याशिवाय देऊ नयेत. त्याने पाणी भरपूर प्यावे आणि थंडीपासून जपावे. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा एकाएकी हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर रात्र काढू नका. लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

सोयरीक जुळवताना

मुलाची नोकरी पाहतो, घरदार पाहतो, तसाच दोघांच्या रक्ताचा रिपोर्टही पाहावा. वाहकाने लग्न करू नये, असे मुळीच नाही. जोडीदार निर्दोष रक्ताचा असेल तर त्यांचे मूल या आजाराचे रुग्ण होत नाही. लग्न आधीच झाले असेल आणि दोघेही वाहक असतील, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. पोटातील गर्भाचीही तपासणी होऊ शकते. पुढचा निर्णय त्या पती-पत्नीचा. सासू-सासऱ्यांनी त्यांना आधार द्यावा.

मुलीचे लग्न मोडेल या भीतीने काही आई-बाप रिपोर्ट लपवतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु लपवलेला कागद पुढे नातवंडाच्या वेदनेतून बाहेर येतो. येत्या लगीनसराईआधी घरातील उपवर मुला-मुलींचे रक्त तपासून घ्या आणि तो कागद शाळेच्या दाखल्यासारखा जपून ठेवा.