आपली वंशावळ आपण लिहू या

मित्रांनो, राजांच्या वंशावळी आपण इतिहासात पाठ करतो. पण स्वतःच्या पणजोबांचे नाव किती जणांना सांगता येते? आणि पणजीचे? वंशावळ म्हणजे घराण्यातील माणसांची नावे पिढीवार लिहिणे. ती कशी शोधायची ते पाहू.

१) घरातील वडीलधारी माणसे : आजीला जन्मसाल विचारले तर ती म्हणेल, "ते कुठलं ठाऊक रे बाबा!" मग विचारा, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू केवढी होतीस?" हा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला. "पाळण्यात होते" म्हणाली, की साल आपोआप निघते. १९७२ च्या मोठ्या दुष्काळाचाही असाच उपयोग होतो.

२) शाळा : दाखल-खारीज रजिस्टरात विद्यार्थ्याचे नाव व जन्मतारीख असते. मात्र पुष्कळ म्हाताऱ्या माणसांची तारीख १ जून असते. नक्की तारीख माहीत नसली, की गुरुजी १ जून लिहीत. म्हणून ती लगेच खरी धरू नये.

३) तलाठी कचेरी : शेतकरी वारला की वारसांची नावे लागतात. फेरफार पाहत मागे गेले की एकेक पिढी सापडते. पण ज्यांना जमीनच नव्हती, त्यांची नावे सातबाऱ्यावर कुठून येणार? त्यांनी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक पाहावे. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. फार जुने कागद मोडी लिपीत असतात. ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत.

४) हेळवी : आपल्या दक्षिण महाराष्ट्रात पूर्वी हेळवी बैलावर बसून दारी येत आणि कुळाच्या पिढ्या घडाघडा सांगत. घरोघरच्या वंशावळी जपणे हाच त्यांचा परंपरेचा व्यवसाय.

आता महत्त्वाची गोष्ट. जुन्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. बायकांचे लग्नात नावही बदलत. म्हणजे माहेरच्या गावच्या दप्तरात एक नाव आणि सासरी दुसरेच. दोन्ही नावे एकाच बाईची, हे कुठल्याच कागदावर नसते. ते फक्त म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असते. ती माणसे गेली, की पणजीचे माहेरचे नावही गेले!

म्हणून मित्रांनो, कागद नंतरही पाहता येतील, आधी आजीजवळ बसा. वहीत दोन रकाने आखा. एकात सासरचे नाव, दुसऱ्यात माहेरचे नाव व गाव लिहा. पालकांनीही मुलांना मदत करावी, ही विनंती.