गोडलिंब उन्हाने मरत नाही

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत एकदा विचारून पाहा, "गोडलिंबाचं झाड कोणाकोणाकडे आहे?" दोन-तीन हात वर होतील. बाकीच्या त्यांच्याच सांदवाडीतून तोडून नेतात. लावलाच नव्हता असं कोणी म्हणत नाही. "लावला होता, पण मेला. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं असेल," हेच ऐकायला मिळतं.

बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं. गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, कोरड्या रानातलं झाड आहे. एकदा जमिनीत बसलं की मे महिन्यात आठ-पंधरा दिवस पाणी नाही मिळालं तरी तग धरतं. त्याला सोसत नाही ते मुळाशी साचलेलं पाणी. आपल्या जिल्ह्यात १,२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धानाच्या बांधीला तो पाहिजेच, गोडलिंबाला नको.

आणि आपण झाड लावतो कुठे? न्हाणीच्या बाजूला, कारण तिथे पाणी आपोआप जातं. कन्हार जमीन असेल तर ती जागा दिवाळीपर्यंत ओली राहते. मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. पानं पिवळी दिसली की आपण आणखी एक बादली ओततो! हिवाळ्यात नुसती काडी उरते, एप्रिलमध्ये ती वाळते आणि नाव उन्हाचं होतं.

म्हणून पहिली गोष्ट जागेची. सांदवाडीतला उंचवटा शोधा, जिथे पावसाचं पाणी थांबत नाही आणि निदान अर्धा दिवस ऊन मिळतं. बरडी, मुरमाड जागा असेल तर चांगलंच. सगळीकडे कन्हारच असेल तर माती ओढून हातभर रुंद, वीतभर उंच ढिगारा करा आणि रोप त्यावर लावा. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. निघालेल्या मातीत घमेलंभर कुजलेलं शेणखत मिसळून तो परत भरायचा. न्हाणीचं पाणी द्यायचंच असेल तर नाली करून भाजीच्या वाफ्याकडे न्या.

रोप विकत आणायची गरज नाही. जुन्या झाडाच्या बुडाशी मुळांतून पिल्लं फुटतात. पाऊस नीट सुरू झाला की वीतभर पिल्लू मुळासकट सब्बलीने काढा आणि त्याच दिवशी लावा. बी लावायचं तर ताजंच पाहिजे. पावसाच्या तोंडाशी फळं काळी-जांभळी होतात, ती चोळून गर धुवून टाका आणि दोन-तीन दिवसांत पिशवीत टोचा. हे बी धानासारखं कणगीत ठेवून चालत नाही, तीन आठवड्यांत त्याची उगवण जवळजवळ संपते. मागच्या वर्षीचं बी उगवलं नाही म्हणून हाताला दोष देऊ नका. बुलबुल फळं खातात, त्यामुळे झाडाखाली आयती रोपंही सापडतात. फळाचा गर मुलं खातात, पण बी थुंकायला सांगा.

रोवणीची घाई सुरू व्हायच्या आधी हे काम उरकून घ्या, नंतर कोणालाच वेळ नसतो.

पहिले दोन उन्हाळे मात्र झाडाला तुमची गरज आहे. बुडाशी चार बोटं जाड तणस पसरा, खोडाला चिकटू न देता. जुन्या मडक्याला तळाशी बारीक भोक पाडून कापडाची वात घाला, रोपापासून वीतभर अंतरावर गाडा आणि तीन-चार दिवसांनी भरा. शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण विसरू नका. थंडीत आपल्याकडे पारा चांगलाच खाली येतो, तेव्हा गोडलिंब वाढ थांबवतो, थोडी पानंही गाळतो. तो मेला नाही, थांबलाय. तेव्हा खतही नको आणि जास्त पाणीही नको. ताक ओतलं की झाड फोफावतं असं म्हणतात. ओतायला हरकत नाही, पण शेणखताचं काम ताक करत नाही.

झाड कमरेएवढं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. पानं एकेक ओरबाडू नका, पूर्ण डहाळी देठातून तोडा. पानासाठीच झाड ठेवायचं असेल तर फुलांचे तुरे खुडत जा. पानावर चिमणीच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर नीट बघा, ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते. पुढे ती हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी साफ करते. हाताने वेचणं हाच उपाय. घरच्या झाडावर औषध मारायचं नाही, कारण बिनऔषधाचं पान मिळावं म्हणूनच तर हा खटाटोप आहे. भारतातून जाणाऱ्या कढीपत्त्याची युरोपात कीटकनाशकांसाठी मुद्दाम जास्त तपासणी होते. आपल्या आठवडी बाजारातल्या जुडीची कोण करतं?

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. "गोडलिंब खाते, मग लाल गोळी कशाला?" असं गरोदर बायका म्हणतात. हिशोब करून बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात १०० ग्रॅम ताज्या पानांत लोह सुमारे ८-९ मिलिग्रॅम आहे. फोडणीत आपण घालतो दोन-तीन ग्रॅम, आणि तीही पानं ताटाच्या कडेला काढून ठेवतो. म्हणजे पाव मिलिग्रॅमही पोटात जात नाही. आशाताई देतात त्या एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. गरोदरपणात ती रोज एक, १८० दिवस घ्यायची असते, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. घरात सून, मुलगी गरोदर असेल तर तिला हे नक्की सांगा. गोडलिंब गोळीसोबत खा, गोळीच्या जागी नको.

पान पोटात जावं असं वाटत असेल तर चटणी करा. आपल्याकडे धानाच्या बांधीतच जवस निघतो. मूठभर जवस भाजा, तेवढीच गोडलिंबाची पानं थेंबभर तेलात कुरकुरीत करा, लसूण, तिखट, मीठ घालून कुटा. अशी चटणी मुलंही खातात आणि पान बाजूला काढायचा प्रश्नच येत नाही.

विकण्याबद्दल सांगायचं तर एका झाडातून मिठा-तेलाचा खर्च निघेल, जास्त आशा नको. पान दुपारपर्यंत कोमेजतं, म्हणून जुड्या पहाटे तोडून ओल्या कापडात न्या. वाळवलेल्या पानाचा वास उडतो, त्याला भाव मिळत नाही. गटाला चटणी पाकिटात विकायची असेल तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करा, त्याची माहिती प्रभागसंघात मिळेल.

या महिन्याच्या बैठकीला ज्यांच्याकडे जुनं झाड आहे त्यांनी पिल्लं ओल्या पोत्यात गुंडाळून आणा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी येण्याआधी उंचवट्यावर खड्डा करून ठेवा.