माणशी आकडा आणि घरचा आकडा
परदेशवारीचा हिशेब : लेखांक 4

मागच्या लेखांकात आपण पासपोर्टची तयारी पाहिली. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि प्रवासाच्या वेळी त्याची निदान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते, हे लक्षात असू द्या. आज खर्चाकडे वळू. विषय आहे मुलांच्या सर्वांत आवडत्या सहलीचा, म्हणजे परदेशातल्या थीम पार्कचा. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, शाळा बंद असतात आणि वर्तमानपत्रात सिंगापूर, दुबई, हाँगकाँगच्या जाहिराती झळकू लागतात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत एक आकडा असतो, माणशी अमुक हजार. घरात त्याला चाराने गुणलं जातं आणि तेच बजेट ठरतं. गडबड इथेच होते.

तो आकडा खोटा नसतो. तो मुंबई विमानतळ ते मुंबई विमानतळ असा असतो, आणि तेही बसमधून थीम पार्कच्या दारात सोडेपर्यंतचा. सोलापूरच्या कुटुंबाचा खर्च मात्र घराला कुलूप लावल्यापासून ते पुन्हा कुलूप उघडेपर्यंत चालतो. म्हणून दोन खर्च त्या आकड्याबाहेर राहतात. एक मुंबई गाठेपर्यंतचा, दुसरा पार्कच्या फाटकाच्या आतला. पहिला बहुतेकांना आठवतो. दुसरा आत गेल्यावरच कळतो, आणि तोवर मुलांना नाही म्हणायची वेळ टळून गेलेली असते.

आधी फाटकाच्या आतलं बघू, कारण खरी मेख तिथे आहे. उदाहरणासाठी विजापूर रोडवर राहणारं चौघांचं कुटुंब धरू : नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी, पाच वर्षांचा मुलगा. जायचं सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये. हे पार्क 2010 मध्ये सुरू झालं आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांचं ते बहुधा पहिलं परदेशी थीम पार्क असतं. एक सिंगापूर डॉलर 70 रुपयांचा धरू. मोठ्यांचं तिकीट 80 ते 85 डॉलर, चार ते बारा वर्षांच्या मुलांचं 60 ते 65 डॉलर. चौघांचे साधारण 290 डॉलर, म्हणजे वीस हजार रुपये. इथपर्यंतचा खर्च जाहिरातीत धरलेला असतो.

पुढचा नसतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. शेंगाचटणी आणि कडक भाकरी हॉटेलवरच ठेवावी लागते. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापुढे बहुतेक वेळा 'स्वखर्चाने' असं लिहिलेलं असतं. चौघांचं दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, एखादं आईस्क्रीम मिळून 120 डॉलर सहज होतात. प्रत्येक मोठ्या राइडचा बाहेर पडायचा रस्ता एका दुकानातून जातो. राइडवरून उतरलेलं, अजून आनंदाने ओरडणारं मूल थेट खेळण्यांच्या मांडणीसमोर येऊन उभं राहतं, आणि शेजारच्या पडद्यावर राइडवर टिपलेला त्याचा फोटो चमकत असतो. दोन खेळणी आणि एक फोटो म्हणजे 80 डॉलर. सेंटोसाची मोनोरेल धरली, तर पार्कचा एक दिवस 35 हजार रुपयांच्या घरात जातो. रांगा टाळण्यासाठी मिळणारा एक्सप्रेस पास चौघांनी घेतला, की आणखी पंधरा-वीस हजार. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की सहलीचं बजेट मांडताना पहिली ओळ पार्कच्या एका दिवसाची लिहा. हॉटेल आणि विमान त्यानंतर.

त्या ओळीत काटछाट करायला जागा आहे, ती मात्र सोलापुरात बसून करायची. मुलांच्या हातात आधीच ठरावीक डॉलर ठेवा, प्रत्येकी वीस समजा, आणि काय घ्यायचं ते त्यांना ठरवू द्या. पहिल्या दुकानात हट्ट धरणारं मूल स्वतःचे पैसे मोजायला लागलं की शेवटच्या दुकानापर्यंत थांबतं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सोबत न्या. सिंगापूरमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. एक्सप्रेस पास सरसकट घेऊ नका. मंगळवार ते गुरुवार या दिवसांत गेलात आणि दार उघडायच्या आधी रांगेत उभे राहिलात, तर पहिल्या दीड-दोन तासांत मोठ्या राइड उरकतात.

पास घेण्याआधी मुलांची उंची मोजा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, त्यात हजारो रुपये अडकलेले असतात. युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला 102 सेंटिमीटर उंची लागते, ममीच्या राइडला 122 आणि बॅटलस्टार गॅलक्टिका या रोलर कोस्टरला 125. आपल्या उदाहरणातला पाच वर्षांचा मुलगा पहिल्या राइडमध्ये बसेल, उरलेल्या दोन्हींत बसणार नाही. त्याच्यासाठी घेतलेला पास बराचसा वाया जाणार. अशा वेळी 'चाइल्ड स्विच'ची सोय विचारा. आई मुलीसोबत राइडवर जाते, बाबा मुलाला घेऊन थांबतात, आणि नंतर बाबांना पुन्हा रांग न लावता जाता येतं. त्याला जादा पैसे पडत नाहीत.

उंची पुरेशी असली तरी धीर असेलच असं नाही. सोलापूरच्या मुलांची परीक्षा घ्यायला आपल्याकडे गड्डा आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत होम मैदानावर आकाशपाळणे लागतात. तिथे मूल कशात बसतं, कशातून रडत उतरतं, किती वेळ रांगेत उभं राहतं, दमल्यावर काय करतं, हे नीट पाहून ठेवा. त्यापुढची पायरी म्हणजे देशातलं मोठं पार्क. खोपोलीजवळचं इमॅजिका 2013 पासून आहे, हैदराबादचं वंडरला 2016 पासून, आणि रामोजी फिल्मसिटी तर आपल्याच सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, हैदराबाद ओलांडून पुढे. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे : परदेशी थीम पार्क दोन-तीन वर्षं पुढे ढकला. त्या वयात त्याला जो आनंद वंडरलात मिळेल तेवढाच तिकडे मिळेल, आणि दुपारी तीन वाजता ते दोन्हीकडे सारखंच झोपेल.

आता सोलापूर ते विमानतळ. सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचं, दिवस नातेवाइकांकडे काढायचा आणि रात्रीचं विमान पकडायचं, हा आपला ठरलेला बेत. मुंबई-सिंगापूर विमानप्रवास साडेपाच तासांचा आहे आणि तिथलं घड्याळ अडीच तास पुढे असतं. म्हणजे लागोपाठ दोन रात्री मुलांची झोप मोडते, पोहोचल्यावर हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही, आणि वेळ वाचवायचा म्हणून त्याच दिवशी पार्क ठेवलं तर वीस हजारांची तिकिटं पेंगुळलेल्या मुलांवर खर्च होतात. त्यापेक्षा सकाळच्या वंदे भारतने निघा. दुपारी मुंबईत पोहोचाल, संध्याकाळी विमानतळावर. आणि पार्क तिसऱ्या दिवशी ठेवा.

अनेकजण हैदराबादचा विचारच करत नाहीत. नळदुर्ग, उमरगा, झहीराबादमार्गे शमशाबादचा विमानतळ तीनशेहून थोडा जास्त किलोमीटरवर आहे. बाह्यवळण रस्त्यामुळे शहरात शिरावं लागत नाही, आणि तिथून सिंगापूरला थेट विमान आहे. घरापासून विमानतळापर्यंत एकच गाडी, सामान एकदाच चढवायचं-उतरवायचं. आजी-आजोबा सोबत असतील तर हा मार्ग जरूर तपासा. ऑक्टोबर 2025 पासून सोलापूर-मुंबई विमानसेवाही सुरू झाली आहे. पण ते तिकीट वेगळं काढलं, तर एका विमानाच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. मध्ये भरपूर वेळ ठेवा. आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे तिकिटावर कोणत्या विमानतळाचं नाव आहे, तेही वाचा.

सहल कंपनीबरोबर जायचं की स्वतः? केसरी पाटील यांनी 1984 मध्ये 'केसरी' सुरू केली आणि वीणा पाटील यांनी 2013 मध्ये 'वीणा वर्ल्ड'. मराठी मध्यमवर्गाला परदेशाची भीती वाटेनाशी झाली, त्यात अशा कंपन्यांचा मोठा वाटा आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांना, ज्येष्ठांना, इंग्रजीचं दडपण असणाऱ्यांना मराठी बोलणारा टूर मॅनेजर सोबत असणं मोलाचं असतं. फक्त कंपनी कोणतीही असो, बुकिंगआधी लेखी विचारा : जीएसटी आकड्यात धरला आहे का, टिप किती, व्हिसा आणि विमा धरला आहे का, मुलाला स्वतंत्र पलंग मिळणार का, आणि पार्कमध्ये नेमके किती तास मिळणार. शेवटचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. चाळीसजणांच्या बसला निघायची वेळ ठरलेली असते. पार्कसाठीच चाललेल्या कुटुंबाला चार-पाच तास पुरत नाहीत.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस नावाची आणखी एक रक्कम कापली जाते. तिचे दर सरकार बदलत असतं. ऑक्टोबर 2023 पासून सात लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के असा दर होता, एप्रिल 2025 पासून ती मर्यादा दहा लाख झाली. तुमच्या बुकिंगच्या दिवशीचा दर विचारून घ्या. हा पैसा बुडत नाही. तो तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. नोकरदारांना कार्यालयात कळवून तो पगारातल्या टीडीएसमध्येही समायोजित करून घेता येतो. पण तोवर काही महिने तो अडकतो, आणि जाताना हाताशी असलेली रक्कम तेवढी कमी होते. घरात जो विवरणपत्र भरतो, त्याच्याच पॅनवर बुकिंग करा.

स्वतः जायचं ठरवलं तर राहण्याची जागा विचारपूर्वक निवडा. सिंगापूरमध्ये लिटल इंडियाच्या आसपास राहिलात, तर जांभळ्या मेट्रोने हार्बरफ्रंट हे पाचवं स्टेशन. तिथून मोनोरेलने सेंटोसा, किंवा पायी पूल ओलांडूनही जाता येतं. टॅक्सी लागत नाही. शाकाहारी घरांचा जेवणाचा प्रश्नही तिथेच सुटतो. सेरंगून रोडवरचं 'कोमला विलास' 1947 पासून चालू आहे. एक गोष्ट मात्र घरातल्या बायकांना मुद्दाम सांगायची आहे : मसाले नेणार असाल तर त्यात खसखस नको. सिंगापूरमध्ये आणि दुबईतही तिला मनाई आहे. तंबाखू आणि माव्याच्या पुड्याही घरीच ठेवा. सिंगापूरमध्ये त्या नेणं हा गुन्हा आहे.

आता घरचा आकडा. ढोबळ मानाने, मे महिन्यात, स्वतः आखलेली पाच रात्रींची सहल. विमानाचे 1 लाख 40 हजार, हॉटेलचे 60 हजार, पार्कच्या दिवसाचे 36 हजार, बाकी ठिकाणांचे 25 हजार, इतर दिवसांच्या जेवणाचे 24 हजार, खरेदी आणि सिमकार्डचे 15 हजार. सोलापूर-मुंबई-सोलापूर टॅक्सी-खाण्यासकट 15 हजार, व्हिसाचे 14 हजार, तिथला मेट्रो-प्रवास, विमा आणि पासपोर्ट मिळून 14 हजार. बेरीज 3 लाख 43 हजार. त्यावर दहा टक्के राखीव ठेवलेच पाहिजेत, कारण रुपया घसरतो, मूल आजारी पडतं आणि क्रेडिट कार्ड परकीय चलनावर साडेतीन टक्क्यांपर्यंत जादा आकार लावतं. म्हणजे पावणेचार लाख. हीच सहल दिवाळीच्या सुट्टीत केली तर गर्दी कमी मिळण्याची शक्यता जास्त, कारण मेअखेर ते जूनअखेर सिंगापूरच्या शाळांनाही सुट्टी असते आणि तिथली मुलंही त्याच रांगेत उभी असतात. फक्त दिवाळीचा मुख्य दिवस टाळा. त्या दिवशी तिथेही सार्वजनिक सुट्टी असते.

पावणेचार लाख म्हणजे 24 महिने दरमहा साडेपंधरा हजारांचं आवर्ती ठेवीचं खातं. जमत नसेल तर 36 महिने करा. मुलगी बारा वर्षांची होईल, मुलगा आठचा, आणि तोवर त्याची उंचीही 122 च्या पुढे जाईल. 'आत्ता फिरा, नंतर फेडा' अशा हप्त्यांच्या योजना आता गल्लोगल्ली मिळतात. त्या घेऊ नका. विमानतळावरून घरी आल्यावर दोन वर्षं व्याज भरत राहण्याइतकी कोणतीच राइड मोठी नसते. भिशीच्या पैशावर मदार असेल, तर तुमचा नंबर बुकिंगच्या महिन्याआधी लागणार आहे का, ते आजच पाहून घ्या.

या रविवारी घरातल्या सगळ्यांनी वही घेऊन बसा. पहिल्या पानावर पार्कच्या एका दिवसाचा खर्च मांडा, मुलांची उंची भिंतीवर पेन्सिलने नोंदवा आणि मगच जाहिरात हातात घ्या. पुढच्या लेखांकात परकीय चलन कुठे, कधी आणि किती घ्यायचं ते पाहू. तोवर तुमच्या वहीतला आकडा तयार ठेवा.